संत अंथनी मठाधिपती
(सण : १७ जानेवारी)

संत अंथनी म्हटले की बाळ येशूला हाती घेतलेले पदुआचे संत अंथनी आपल्या डोळ्यांसमोर उभे राहतात. लिस्बनच्या फर्नांडो या धर्मगुरूने १२२० मध्ये फ्रान्सिस्कन संघात प्रवेश करताना एका प्राचीन संताचे नाव धारण केले. ते संत म्हणजे इजिप्तच्या वाळवंटातील अंथनी मठाधिपती. ख्रिस्तसभा त्यांना संन्यस्त जीवनाचे जनक मानते. त्यांचे चरित्र अलेक्झांड्रियाचे बिशप संत अथानासियस यांनी लिहिले.

पाचारण

अंथनी यांचा जन्म इ. स. २५१ च्या सुमारास मध्य इजिप्तमधील एका सधन ख्रिस्ती कुटुंबात झाला. वयाच्या विशीच्या आत-बाहेर असताना त्यांचे आईवडील निवर्तले व धाकट्या बहिणीची जबाबदारी त्यांच्यावर आली. सुमारे सहा महिन्यांनी चर्चमध्ये त्यांनी मत्तयचे शुभवर्तमान ऐकले. सर्वस्व विकून गोरगरिबांना देण्याविषयी प्रभूने श्रीमंत तरुणाला केलेला उपदेश आपल्यासाठीच आहे, असे त्यांना जाणवले. सुमारे २०० एकर सुपीक जमीन त्यांनी गावकऱ्यांना देऊन टाकली आणि चीजवस्तू विकून आलेला पैसा गरिबांत वाटला. बहिणीला विश्वासू व्रतस्थ स्त्रियांच्या स्वाधीन करून त्यांनी तपाचा मार्ग धरला.

वाळवंटातील साधना

प्रारंभी गावाजवळ, नंतर थडग्यांमध्ये आणि वयाच्या पस्तिशीपासून पिस्पिर येथील एका ओसाड किल्ल्यात त्यांनी वास्तव्य केले. तेथे सुमारे वीस वर्षे ते एकटेच राहिले. सहा महिने पुरतील एवढ्या भाकरी मित्र वरून आत सोडीत. मोहांशी त्यांनी दिलेली झुंज पुढे अनेक चित्रकारांनी रंगविली. ३०५ च्या सुमारास लोकांनी दार मोडले, तेव्हा अंथनी शरीराने सुदृढ व मनाने शांत असे बाहेर आले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली अनेकांनी वाळवंटात कुटी बांधल्या.

संकटसमयी नगरात

वाळवंट ही अंथनींची पळवाट नव्हती. ३११ मध्ये मॅक्सिमिनस सम्राटाच्या काळात ख्रिस्ती लोकांचा छळ सुरू होताच ते अलेक्झांड्रियाला आले. तुरुंगात व खाणींत डांबलेल्या श्रद्धावंतांची त्यांनी सेवा केली. संन्याशांनी न्यायालयात फिरकू नये, असा हुकूम निघाला तेव्हा ते आपले वस्त्र धुऊन दुसऱ्या दिवशी सर्वांना दिसेल अशा जागी उभे राहिले. रक्तसाक्ष्य त्यांच्या वाट्याला आले नाही. छळ ओसरल्यावर ते तांबड्या समुद्राजवळील डोंगरी गेले. लोकांवर आपला भार नको म्हणून तेथे त्यांनी धान्य पिकविले, टोपल्या विणल्या. ३३८ च्या सुमारास, प्रभू येशूचे ईश्वरत्व नाकारणाऱ्या एरियन पंथाचा प्रतिकार करण्यासाठी ते वृद्धापकाळी पुन्हा नगरात आले.

अखेर व वारसा

३५६ मध्ये, १०५ वर्षांचे असताना, ते प्रभूच्या घरी गेले. मृत संतपुरुषांचे देह घरात जपून ठेवण्याची तेथील रूढी त्यांना मान्य नव्हती. म्हणून आपली कबर गुप्त ठेवण्यास त्यांनी दोन शिष्यांना बजावले होते. मेंढीच्या कातड्याची दोन वस्त्रे त्यांनी संत अथानासियस व बिशप सेरापियन यांना ठेवली. त्यांच्या जीवनकथेने पुढे संत ऑगस्टीन यांचे अंतःकरण हेलावले.

प्रार्थनेसाठी जगापासून दूर गेलेला हा तपस्वी बांधवांच्या संकटात दोनदा परतला. आपली प्रार्थनाही आपल्याला पीडितांच्या दारी नेते काय, हे त्यांच्या सणादिवशी प्रत्येकाने स्वतःला विचारावे.