आवळणं आणि सोडणं

तीन वर्षांपूर्वी बेंगळुरूत एका फिजिओथेरपिस्टने माझ्या हातात एक कागद दिला. त्यावर दुखण्याचे इंग्रजी शब्द गटागटाने छापलेले होते. जे लागू पडतील त्यांवर खूण करायची होती. माझं काम अनुवादाचं. रोज दोन-तीन भाषांमधून शब्दांची ने-आण करते. तरी त्या कागदासमोर मी अडले. ओटीपोटात जे होत होतं त्याला माझ्याकडे शब्द होते, पण ते सगळे मराठी होते. कळ येते, ठणकतं, सणक जाते, मुरडा येतो, गोळा उठतो, कंबर धरते, मांड्या भरून येतात. यातली कळ लाटेसारखी येऊन ओसरते, ठणका नाडीच्या ठोक्याबरोबर चालतो, सणक क्षणात मांडीपर्यंत धावते. समोरची बाई तमिळभाषक होती. मी थांबलेली पाहून म्हणाली, "मॅडम, तुमच्या भाषेत लिहा. मग मला एकेक समजावून सांगा."

मला एंडोमेट्रिओसिस आणि अ‍ॅडिनोमायोसिस हे दोन्ही आजार आहेत. पहिल्यात गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं ऊतक गर्भाशयाबाहेर, म्हणजे बीजकोशावर, आतड्यावर, पोटाच्या आतल्या आवरणावर वाढतं. दुसऱ्यात ते गर्भाशयाच्या स्नायूच्या भिंतीतच शिरतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे प्रजननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के स्त्रिया आणि मुलींना, म्हणजे जगभरात १९ कोटी जणींना, एंडोमेट्रिओसिस आहे. मला निदान मिळायला सतरा वर्षं लागली. त्या काळात "लग्न झालं की थांबेल", "मूल झालं की थांबेल" आणि "पाळीत दुखतंच" ही तीन वाक्यं मी इतक्या भाषांत ऐकली, की त्यांचा तुलनात्मक अभ्यास करता आला असता.

त्या कागदाचा इतिहास मी नंतर शोधला. कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७१ मध्ये वॉरन टॉर्गरसन यांच्याबरोबर वेदनेच्या भाषेवर निबंध लिहिला आणि १९७५ मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठाच्या नावाने ओळखली जाणारी प्रश्नावली प्रसिद्ध केली. तीत ७८ शब्द २० गटांत मांडलेले आहेत. त्याआधी दुखणं मोजायचं म्हणजे 'किती' एवढंच विचारलं जाई. मेल्झॅक यांनी 'कसं' हे विचारलं. हेच मेल्झॅक १९६५ मध्ये पॅट्रिक वॉल यांच्याबरोबर वेदनेचा 'गेट' सिद्धान्त मांडून गेले होते. इजा झालेल्या जागेहून निघालेला संदेश मेंदूपर्यंत जसाच्या तसा पोहोचत नाही. वाटेत मज्जारज्जूत तो अडवला जातो किंवा पुढे सोडला जातो, असं तो सिद्धान्त सांगतो. म्हणून आतली गाठ केवढी आणि दुखतं किती यांचं सरळ गणित बसत नाही. एंडोमेट्रिओसिसमध्ये हे फार ठळक दिसतं: थोडासाच आजार असलेली एखादी बाई अंथरुणाला खिळते, तर बराच पसरलेल्या एखादीला पत्ताही नसतो.

पण या आजाराचा वैद्यकातला इतिहास बराच काळ गाठीचाच इतिहास राहिला. व्हिएन्नात कार्ल फॉन रोकिटान्स्की यांनी १८६० मध्ये गर्भाशयाच्या भिंतीत भलत्या ठिकाणी सापडलेल्या ग्रंथींचं वर्णन केलं. १९०८ मध्ये बाल्टिमोरच्या टॉमस कलन यांनी त्यावर अख्खा ग्रंथ लिहिला. न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीचे जॉन सॅम्पसन यांनी १९२१ मध्ये बीजकोशातल्या 'चॉकलेट' गाठींवर निबंध लिहिला. पुढे त्यांनी 'एंडोमेट्रिओसिस' हा शब्द रूढ केला आणि पाळीचं रक्त बीजवाहिन्यांतून उलटं पोटात जातं, असा खुलासा १९२७ मध्ये मांडला. ही सगळी माणसं पाहणारी होती. त्यांनी जे पाहिलं ते शस्त्रक्रियेच्या टेबलावर आणि सूक्ष्मदर्शकाखाली. अ‍ॅडिनोमायोसिसचं निदान तर सोनोग्राफी आणि एमआरआय येईपर्यंत बहुधा गर्भाशय काढून टाकल्यावरच पक्कं होई. बाई काय सांगते याला त्या व्यवस्थेत फारसं काम नव्हतं.

जिथे बाईचं ऐकलं जात नाही, तिथे तिच्याविषयी बोललं जातं. बॉस्टनचे जो व्हिन्सेंट मेग्ज यांनी १९४० च्या दशकात लिहिलं, की सधन घरांतल्या स्त्रिया उशिरा लग्न करतात, मुलं उशिरा होऊ देतात, म्हणून हा आजार वाढतो; तेव्हा लग्नं लवकर व्हावीत. 'नोकरदार बाईचा आजार' ही समजूत पुढे कित्येक वर्षं टिकली. १९७६ मध्ये डोनाल्ड चॅटमन यांनी दाखवून दिलं, की ओटीपोटाचा संसर्ग असं निदान झालेल्या अनेक कृष्णवर्णीय अमेरिकी स्त्रियांना प्रत्यक्षात एंडोमेट्रिओसिस होता. सधन गोऱ्या बाईला तिची महत्त्वाकांक्षा नडते आणि काळ्या बाईला तिचं वागणं, असे हे दोन निवाडे. माझ्या वाट्याला आलेलं "लग्न झालं की थांबेल" हे वाक्य घरगुती नव्हतं, त्यामागे वैद्यकाची छापील परंपरा होती, हे मला फार उशिरा कळलं.

याला समांतर एक हातांचा इतिहास आहे. तो कमी सांगितला जातो. स्टॉकहोममध्ये पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ मध्ये व्यायामशिक्षणाची संस्था काढली. त्या परंपरेतले, डॉक्टर नसलेले लष्करी अधिकारी थ्यूरे ब्रांट यांनी १८६० च्या दशकात स्त्रियांच्या ओटीपोटाच्या तक्रारींवर मालिश आणि व्यायामाची पद्धत बसवली. ती युरोपभर गाजली आणि तिच्यावर संशयही तितकाच घेतला गेला. स्पर्शावरचा हा संशय लंडनमध्येही होता. मालिशच्या नावाखाली वेश्याव्यवसाय चालतो असा गवगवा झाला, तेव्हा १८९४ मध्ये चार परिचारिकांनी प्रशिक्षित मालिशकर्त्या स्त्रियांची संस्था काढली. डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय मालिश करायचं नाही, असा नियम त्यांनी स्वतःवर घालून घेतला. आजच्या ब्रिटिश फिजिओथेरपीचं मूळ या संस्थेत आहे. प्रतिष्ठा मिळवण्यासाठी या बायकांना आधी स्वतःचे हात बांधून घ्यावे लागले. पुढे लंडनच्याच सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये मिनी रँडेल आणि नर्तकी मार्गारेट मॉरिस यांनी बाळंतिणींसाठी व्यायाम बसवले. त्यांचं पुस्तक १९३६ चं.

मग १९४८ मध्ये कॅलिफोर्नियाचे स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगेल यांचा निबंध आला आणि ओटीपोटाच्या तळाशी झोळीसारखे ताणलेले स्नायू, ज्यांना आता सगळे पेल्विक फ्लोअर म्हणतात, जगाच्या नकाशावर आले. बाळंतपणानंतर खोकताना-शिंकताना लघवी सुटते, अशा स्त्रियांना केगेल हे स्नायू आवळायला शिकवत. त्यासाठी त्यांनी एक दाबमापक तयार केला होता. आपण आवळलं की काटा हलतो हे बाईला स्वतः पाहता येई. अनेकींची शस्त्रक्रिया त्यामुळे टळली. आवळण्याची कल्पना आपल्याला नवी नव्हती: स्वात्मारामाच्या 'हठप्रदीपिके'त मूलबंध आहे, आणि तोही याच जागेचं आकुंचन सांगतो. मात्र त्याचा हेतू वेगळा होता आणि वाचक बहुतेक पुरुष.

केगेलचं यश इतकं मोठं होतं, की पेल्विक फ्लोअर म्हणजे आवळायचा स्नायू असं समीकरणच झालं. मीही निदान होण्याआधी दोन वर्षं, कुणीतरी सांगितलं म्हणून, इमानेइतबारे आवळत होते. दुखणं वाढत गेलं.

ते का, हे त्या तमिळ बाईंनी मला सांगितलं. वर्षानुवर्षं ओटीपोटात दुखत राहिलं, की आजूबाजूचे स्नायू राखणदारासारखे ताठ होतात. मार बसणार म्हणून आपण अंग चोरतो, तसंच. फक्त इथे मार महिन्याला येतो आणि अंग चोरणं कायमचं होतं. मग ताठलेला स्नायू स्वतःच दुखू लागतो. शौचाला, लघवीला, शरीरसंबंधात, नुसतं बसण्यातही त्रास होतो आणि मूळ दुखणं कुठलं नि भरीचं कुठलं हे कळेनासं होतं. अशा स्नायूला आणखी आवळायला लावणं म्हणजे वळलेल्या मुठीला 'अजून वळ' म्हणणं. हेही अगदी नवं ज्ञान नाही. अमेरिकेतले गुदरोगतज्ज्ञ जॉर्ज थीले यांनी १९३७ मध्येच माकडहाडाच्या दुखण्याचं मूळ याच स्नायूंच्या ताठरपणात दाखवलं होतं आणि बोटाने मालिश करून ते सोडवलं होतं. केगेलच्या आधी अकरा वर्षं. गाजलं ते आवळणं.

माझे उपचार बाहेरून पाहणाऱ्याला फार साधे वाटतील. श्वास घेताना छातीखालचा पडदा खाली येतो तेव्हा ओटीपोटाचा तळही खाली येतो. तो येऊ द्यायचा. शौचाला बसताना पायाखाली पाट घ्यायचा. नितंब आणि मांड्यांचे ताण काढायचे. पाळीच्या दिवसांत शेक किंवा टेन्सचं छोटं यंत्र. आतून तपासणी दर वेळी विचारून, हातमोजा घालून, आणि मी हात वर केला की लगेच थांबायचं या बोलीवर. सतरा वर्षांत माझ्या परवानगीने थांबणारी ती पहिली तपासणी होती. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "छोड़ दीजिए." आणि मला कळेना, काय सोडायचं. लहानपणापासून ऐकलेलं सगळं उलट होतं: सावरून बस, पाय जवळ घे, पोट आत घे, आवरून घे स्वतःला. आईची, आजीची माया या आज्ञांतूनच यायची. या जागेसाठी 'सोड' हे क्रियापद मला कुणी दिलंच नव्हतं. शेवटी मला मकर संक्रांत आठवली. बडोद्यातल्या आमच्या गच्चीवर दादा पतंग उडवायचा आणि मी फिरकी धरायचे. तो ओरडायचा, "ढील दे!" ढील देणं म्हणजे दोर टाकून देणं नव्हे, दोर हातात असतोच. त्या शब्दावर माझा तळ पहिल्यांदा खाली आला.

यात जादू नाही, हेही सांगायला हवं. फिजिओथेरपीने पोटातलं ऊतक विरघळत नाही. औषधं, हार्मोन, काही जणींना शस्त्रक्रिया लागतेच. माझीही एक झाली आहे. २०२१ मध्ये इटलीतल्या बोलोन्याच्या संशोधकांनी खोलवर आजार असलेल्या स्त्रियांच्या एका छोट्या गटात अशा उपचारांनी संबंधातलं दुखणं कमी झाल्याचं नोंदवलं. पण २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचना सांगतात, की औषधाविना उपचारांबद्दल रुग्णाशी जरूर बोलावं, मात्र त्यातल्या कुठल्याही एकाची शिफारस करण्याइतका पुरावा अजून नाही. पुरावा कमी आहे याचं एक कारण वरच्या इतिहासातही आहे, असं मला वाटतं: आपण गाठी मोजत आलो.

भारतात फिजिओथेरपीचं शिक्षण पोलिओच्या साथीनंतर, १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईच्या केईएम रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सुरू झालं. पंगू पायांसाठी आलेली ही विद्या बायकांच्या ओटीपोटाकडे फार सावकाश वळली. या व्यवसायाला देशपातळीवर कायद्याचं छत्र मिळालं ते २०२१ मध्ये. मोठ्या शहरांबाहेर पेल्विक फिजिओथेरपिस्ट शोधणं आजही कठीण आहे आणि सापडली तरी तिला आपल्या भाषेत सांगता येईलच असं नाही.

म्हणून मी आता एक काम हाती घेतलं आहे. पैसे कुणी देत नाही. त्या कागदाच्या पाठीमागे मी जे मराठी शब्द लिहिले होते, ते नीट लावून त्या बाईंना दिले. त्यांनी शेजारी तमिळ लिहिले. त्यांच्याकडे येणाऱ्या एका बाईंनी कन्नडमधले सांगितले, दुसऱ्या एकीने दखनीतले. 'कळ'ला तमिळमध्ये नेमका जोड मिळालेला नाही. 'गोळा उठतो' मात्र हावभाव करून सांगितल्यावर सगळ्यांना कळतो. यादी अजून अपुरी आहे. पुढच्या महिन्यात त्यांच्या दवाखान्यात विजयपूरहून एक मुलगी येणार आहे. घरी मराठी बोलते, वय एकोणीस. तिला तो कागद माझ्या अक्षरात मिळेल.