फ्युनिक्युलर म्हणजे काय? किल्ल्यावर चढणारी ही गाडी चालते कशी?

सप्तशृंगी गडावर २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉली आहे. मागे आईला घेऊन गेलो, तर बसल्या बसल्या तिने विचारलं, "अरे, हा दोर तुटला तर?" मला धड उत्तर देता आलं नाही. म्हणून घरी येऊन जरा खोलात वाचलं.

आधी एक गोंधळ दूर करू. रायगडावर आहे तो रोपवे, त्याचा पाळणा हवेत तारेला लटकतो. फ्युनिक्युलरचा डबा मात्र डोंगराच्या उतारावर टाकलेल्या रुळांवरून चालतो आणि त्याला दोर ओढतो.

यातलं माझं आवडतं उदाहरण ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गचं. तिथला होहेनसाल्झबुर्ग किल्ला बांधायला १०७७ मध्ये सुरुवात झाली. किल्ल्यावर सामान चढवायला साधारण १५०० च्या सुमारास रूळगाडी केली, तिचं नाव राइसत्सुग. रूळ लाकडी, दोर तागासारख्या धाग्याचा, आणि ताकद माणसांची किंवा जनावरांची. ती अजूनही चालू आहे! आता रूळ पोलादी आणि मोटर विजेची, पण पर्यटकांना बसता येत नाही, फक्त सामान.

पर्यटकांसाठी १८९२ मध्ये वेगळी फ्युनिक्युलर सुरू झाली. मोटर नव्हतीच! एका दोराच्या दोन टोकांना दोन डबे. वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरायचं, तो जड झाला की खाली निघायचा आणि दुसऱ्याला वर ओढायचा. खाली पोचल्यावर पाणी सोडून द्यायचं, की पुन्हा तेच. १९६० च्या सुमारास पाणी जाऊन वीज आली. पण तत्त्व तेच: उतरणारा डबा चढणाऱ्याला तोलतो, त्यामुळे मोटरला दोघांच्या वजनातला फरक आणि घर्षण, एवढंच ओढावं लागतं. विहिरीच्या रहाटाला दोन बादल्या लावल्यासारखं.

दोन डबे एकाच रुळावर समोरासमोर येतात, मग धडकत का नाहीत? बरोबर मध्यावर रुळाचे दोन फाटे असतात. दोर एकच असल्यामुळे डबे प्रत्येक वेळी तिथेच भेटतात. पुढच्या वेळी बसलात तर ही जागा बघाच.

आता आईचा प्रश्न. तोल दोरामुळे आहे, म्हणजे दोर गेला की तोलही गेला. म्हणून डब्यावर स्वतंत्र ब्रेक लागतो, जो दोर सैल पडताच आपोआप रूळ घट्ट पकडेल आणि भरलेला डबा एकट्याने थोपवेल.

३ सप्टेंबर २०२५ रोजी पोर्तुगालच्या लिस्बनमध्ये हेच झालं नाही. तिथल्या ग्लोरिया फ्युनिक्युलरचा दोर डब्याला जोडलेल्या जागी सुटला. डबा उतारावरून घसरत इमारतीवर आदळला आणि १६ जण गेले. प्राथमिक तपासात दिसलं की ब्रेक लावले गेले होते, पण दोराने दुसऱ्या डब्याचा तोल मिळाल्याशिवाय डबा थांबवण्याची ताकद त्यांच्यात नव्हती. त्यानंतर शहरातल्या बाकीच्या फ्युनिक्युलरही तपासणीसाठी थांबवल्या.