शरीरात मुरलेली साखर : अँटीबॉडी ती कशी दाखवते?

मेहरूणमध्ये ‘शुगर वाढली’ म्हटलं की आपण रक्तातलीच साखर समजतो. पण ही साखर प्रथिनांनाही चिकटते. पाव भाजताना ज्या क्रियेने तांबूस होतो, तशीच क्रिया शरीरात सावकाश चालते. शेवटी जे पदार्थ तयार होतात, त्यांना ‘एजीई’ म्हणतात.

लाल पेशी सुमारे १२० दिवस जगतात, म्हणून एचबीएवनसी तपासणी गेल्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब देते. मूत्रपिंड आणि रक्तवाहिन्यांमधलं कोलॅजन मात्र वर्षानुवर्षं टिकतं. तिथे एजीई साचत जातं.

ते पाहण्यासाठी ऊतीच्या पातळ कापावर अँटीबॉडी टाकतात. ती ठरावीक एजीईला, बहुतेक वेळा ‘सीएमएल’ला, चिकटते आणि तिथे रंग उमटवतात. एकच अँटीबॉडी सगळी एजीई ओळखत नाही. शिवाय तपासणीआधी काप तापवला तर त्यातच नवं सीएमएल बनू शकतं. म्हणून नुसत्या रंगावर भरवसा ठेवत नाहीत.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही साखर चिकटलेल्या प्रथिनांवर संशोधन झालं आहे. ही तपासणी मुख्यतः संशोधनासाठी आहे, तिच्यामागे धावू नका. घरात शुगरचा पेशंट असेल तर एचबीएवनसी वेळेवर करा आणि लघवीतलं अल्ब्युमिन, डोळ्यांचा पडदा व पाय दरवर्षी तपासून घ्या. आज साखर आटोक्यात ठेवली, तर पुढचं साचणं कमी होतं.