पनवेलची सावली आणि उत्तरायणाचा दिवस

पौषाच्या थंडींत पनवेलच्या बाजारांत तिळगूळ आणि सुगडीं मांडलीं जातात, आणि संक्रांतीपासून दिवस तिळातिळानें वाढूं लागतो असें घरोघर सांगितलें जातें. पण अंगणांतील सावलीची साक्ष निराळी आहे. पनवेल विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारें १९ अंशांवर वसलें आहे. तेथें बारा अंगुळें उंचीचा शंकु सपाट जागीं उभा केल्यास २२ डिसेंबरला भर मध्यान्हीं त्याची सावली जवळजवळ अकरा अंगुळें पडते. १४ जानेवारीस ती दहा अंगुळांहून किंचित् अधिक, इतकीच उरते. म्हणजे सूर्य संक्रांतीपूर्वीं तीन आठवडे मागें वळलेला असतो.

ह्याच सावलीवर चीन देशानें आपलें सारें पंचांग उभारलें. हिवाळ्याचे तीन महिने, दहावा, अकरावा आणि बारावा. त्यांपैकीं अकराव्यांत दक्षिणायनाचा अंत आलाच पाहिजे, असा तेथील दंडक आहे. ह्या दिवसास ते ‘तोंग-झृ’, म्हणजे हिवाळ्याची परिसीमा, म्हणतात. तेराव्या शतकांत कुओ शौचिंग ह्या ज्योतिष्यानें तंगफंग येथें चाळीस चिनी फूट उंचीचा शंकु उभारून सावल्या मोजल्या. १२८१ सालीं अमलांत आलेल्या त्याच्या पंचांगांत वर्षमान ३६५·२४२५ दिवसांचें होतें. युरोपनें तेंच मान १५८२ सालीं स्वीकारलें.

अधिक मासाची युक्ति दोन्ही देशांत एकाच जातीची आहे. ज्या चांद्रमासांत सूर्यसंक्रमण होत नाहीं, तो येथें अधिक. तेथेंही बारा मुख्य सूर्यस्थानांपैकीं एकही ज्यांत येत नाहीं, तो मास जादा धरतात. भेद इतकाच कीं, चिनी गणना अयनबिंदूपासून चालते, तर येथील संक्रांति स्थिर ताऱ्यांवरून ठरते. अयनबिंदु सुमारें ७२ वर्षांत एक अंश मागें सरकतो. सहाव्या शतकांत, वराहमिहिराच्या काळीं, मकरसंक्रमण आणि उत्तरायण जवळजवळ एकत्र येत. आतां त्यांत तेवीस-चोवीस दिवसांचें अंतर पडलें आहे.

पंचांग आकाशाशीं जुळवावें, हा आग्रह महाराष्ट्रांत धरणारे केरो लक्ष्मण छत्रे हे १८२५ सालीं अलिबागनजीक नागांव येथें, म्हणजे पनवेल ज्या जिल्ह्यांत मोडतें त्याच हल्लीच्या रायगड जिल्ह्यांत, जन्मले. १८६५ सालीं त्यांनीं पटवर्धनी पंचांग सुरू केलें. त्यांनीं रेवती नक्षत्रांतील तारा आरंभस्थान मानल्यामुळें संक्रांति चार दिवस आधीं येऊं लागली. चार दिवसांचा फरक लहान दिसतो. परंतु त्यामुळें क्वचित् अधिक मासच बदलतो, आणि एकाची दिवाळी दुसऱ्याच्या दिवाळीहून महिनाभर दूर जाते. लग्नाचा मुहूर्त, श्राद्धाची तिथि, उपवासाचा दिवस ह्या साऱ्यांवर त्याचा परिणाम होणार. म्हणून रूढीनें विरोध केला. लोकमान्य टिळकांनीं पुढें ही बाजू उचलून धरली. त्यांच्या नांवाचें पंचांग आजही संक्रांत १० जानेवारीस दाखवितें.

तथापि ह्या सुधारणेनेंही गणना ताऱ्यांवरच राहिली. अयनाकडे वळण्याचें काम मेघनाद साहा ह्यांच्या अध्यक्षतेखालीं १९५२ सालीं नेमलेल्या समितीनें केलें. तिच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय पंचांग चालू झालें. त्यांतील पौषाचा पहिला दिवस २२ डिसेंबरलाच येतो. आकाशवाणीवरून ती मिति सांगितली जाते; तिळगूळ मात्र तीन आठवड्यांनंतर वांटला जातो.

सण सोडावा, असा ह्याचा अर्थ नव्हे. जिव्हाळ्याचें गोड बोलणें अयनबिंदूवर अवलंबून नाहीं. परंतु ताऱ्यांवरची संक्रांत अशीच सरकत राहिली तर सुमारें बाराशें वर्षांनीं ती फेब्रुवारींत जाईल, आणि दिवस वाढण्याची तिची कथा तेव्हां अधिकच विसंगत ठरेल. ज्या पूर्वजांनीं हा सण योजिला, त्यांनीं तो आकाशाकडे पाहूनच योजिला होता. २२ डिसेंबरच्या मध्यान्हीं अंगणांत रोवलेली एक काठी तेंच पाहणें पुन्हां शिकवूं शकते.