कॉटन ग्रीनमधलं 'ग्रीन' कुठून आलं?

ज्यांना कानात हेडफोन घालायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून देतोय.

सुरुवात एका सोप्या प्रश्नाने. हार्बर लाइनवर रे रोड आणि शिवडीच्या मध्ये एक स्टेशन आहे, कॉटन ग्रीन. कॉटन म्हणजे कापूस, इथपर्यंत ठीक. पण ग्रीन? तिथे हिरवं असं काय आहे?

माझे आजोबा तिथल्या गोदामात कापसाच्या गाठी उचलायचे. साताऱ्याकडून आलेले. शाळेत असताना मी त्यांना हा प्रश्न विचारला होता. ते म्हणाले, "नाव सायबानं ठेवलंय, त्यालाच इचार जा."

आता मी फोर्टमधल्या एका ऑफिसात कोड लिहितो आणि दुपारी डबा घेऊन हॉर्निमन सर्कलच्या बागेत बसतो. आणि गंमत बघा, साहेबाचं उत्तर मला तिथेच सापडलं. कॉटन ग्रीन हे नाव मूळचं शिवडीचं नाहीच. ते या बागेच्या जागेचं आहे.

दोनशे वर्षं मागे जाऊ. इथे बाग नव्हती, गोल रस्ता नव्हता. तटबंदीच्या आत एक मोठं मोकळं मैदान होतं. साहेब लोक त्याला 'बॉम्बे ग्रीन' म्हणायचे. एका बाजूला 1718 मध्ये उघडलेलं सेंट थॉमस चर्च. त्या चर्चकडे जाणारा किल्ल्याचा दरवाजा म्हणून चर्चगेट. तो दरवाजा पाडून दीडशेहून जास्त वर्षं झाली, पण आपण अजून चर्चगेटलाच उतरतो! शहरातले मैलाचे दगडही याच चर्चपासून मोजलेले. आमच्या भाषेत सांगायचं तर मुंबईचा इंडेक्स झिरो इथे होता.

पण मैदानाचं रोजचं आयुष्य चर्चमध्ये नव्हतं, समोरच्या कापसात होतं. गुजरातच्या किनाऱ्यावरून गलबतांतून कापूस यायचा, घाटावरून बैलांच्या पाठीवर यायचा आणि या हिरवळीवर त्याचे डोंगर रचले जायचे. हिशेब खंडीत. मुंबईची कापसाची एक खंडी म्हणजे 784 पौंड, आजचे साधारण 355 किलो. इथून माल चीनला आणि इंग्लंडला जायचा. जहाजात जागा कमी, म्हणून कापूस आधी स्क्रूच्या दाबयंत्रात घालून आवळायचा. ती यंत्रं वाफेवर चालत नव्हती, माणसं फिरवायची. म्हणजे वाहायला हमाल, रचायला हमाल आणि दाबायलाही माणसाचंच बळ.

मैदानात लॉर्ड कॉर्नवॉलिसचा पुतळाही होता. लोक त्याला चक्क हार-फुलं वाहायचे. सरकारने समजावून पाहिलं की बाबांनो, हा देव नाही. उपयोग झाला नाही. मोठ्या माणसाला मान द्यायचा, त्यात चुकलं काय, असंच लोकांना वाटत असणार.

पुढे 1833 मध्ये टाउन हॉल उभा राहिला, तोच 30 पायऱ्यांचा, ज्यावर आपण सगळ्यांनी फोटो काढलेत. आता समोर कापसाचे ढीग शोभेनात आणि किल्ल्यात जागाही पुरेना. 1838 मध्ये कुलाब्याचा कॉजवे झाला, त्यामुळे तिकडे माल नेणं सोपं झालं. 1844 मध्ये कापसाचा बाजार कुलाब्याला हलवला. आणि कापसासोबत नावही गेलं. कुलाब्यातली ती जागा झाली 'कॉटन ग्रीन'.

मैदान मात्र रिकामं राहिलं नाही. 1850 च्या दशकात टाउन हॉलसमोरच्या वडाखाली शेअर दलाल जमायला लागले. पहिली टोळी 22 जणांची होती असं सांगतात. याच पायऱ्यांवरून 1 नोव्हेंबर 1858 ला राणीचा जाहीरनामा वाचला गेला. म्हणजे वर राज्य बदलतंय आणि खाली भाव चाललेत. 1861 ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस अडला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. 1865 ला युद्ध संपलं आणि शेअरबाजार असा कोसळला की भलेभले पेढीवाले रस्त्यावर आले.

त्याच तेजीच्या काळात पोलीसप्रमुख चार्ल्स फोर्जेट यांच्या कल्पनेतून मैदानाचं रूप बदललं. भोवती एकसारख्या कमानींच्या इमारती, मध्ये कुंपणाची गोल बाग. नाव एल्फिन्स्टन सर्कल, माजी गव्हर्नरच्या नावावरून. 1872 पर्यंत बागही तयार झाली. दलालांनीही वड सोडला आणि पुढे त्यांची गल्ली दलाल स्ट्रीट झाली. स्वातंत्र्यानंतर सर्कलला 'बॉम्बे क्रॉनिकल'च्या संपादकाचं, बी. जी. हॉर्निमन यांचं नाव मिळालं. इंग्रज असूनही इंग्रज सरकारविरुद्ध लिहिलं म्हणून त्यांना 1919 मध्ये हद्दपार केलं होतं. हे नाव मला मनापासून आवडतं.

कापसाचं काय झालं? 1920 च्या दशकात तो कुलाब्याहूनही हलला आणि शिवडीला आला. नाव पुन्हा सोबत आलं. स्टेशन झालं. आणि काही वर्षांनी साताऱ्याकडचा एक पोरगा तिथे गाठी उचलायला लागला.

मागच्या आठवड्यात मी चर्चमध्ये जाऊन आलो. भिंतींवर संगमरवरी पाट्याच पाट्या. कोण कुठल्या हुद्द्यावर होता, किती वर्षं चाकरी केली, कशाने गेला, सगळं कोरलंय. बाहेर ज्यांनी तो कापूस पाठीवर वाहिला, त्यांच्यातल्या एकाचंही नाव चौकात कुठे नाही. चौक नीटनेटका होत गेला तसा कापूस बाहेर गेला आणि त्याच्यामागे हमालही. मी आज त्याच जागेवर बसून डबा खातो, तो त्यांच्यातल्याच एकाने माझ्या बापाला शिकवलं म्हणून.

आमच्या घरी गाठ ओढायचा लोखंडी आकडा अजून आहे. आईने तो माळ्यावर टाकला होता, मी खाली काढलाय. मूठ झिजून गुळगुळीत झालीय. आजोबांना जाऊन सहा वर्षं झाली. प्रश्नाचं उत्तर सापडलं, पण सांगायला ते नाहीत.

तेव्हा मंडळी, तुमच्या घरात कोणी गोदीत, गिरणीत, गोदामात काम केलं असेल आणि अजून असेल, तर आजच विचारा. कुठे उभे राहायचात? काय उचलायचात? डबा कुठे खायचात? फोनमध्ये रेकॉर्डर आहेच. भेटू पुढच्या भागात.