सीडीवरून परत: विकतच्या गाण्याच्या रूपांतराची कुळकथा

ॲपलच्या आयट्यून्स या दुकानातून २००३ साली गाणं विकत घेतलं आणि ते दुसऱ्या कंपनीच्या प्लेअरवर वाजवावंसं वाटलं, तर त्यासाठी दुकानालाही मान्य असलेली एक वाट होती. गाणं कोऱ्या सीडीवर राइट करायचं, तीच सीडी पुन्हा संगणकात घालायची आणि तिच्यावरून एमपीथ्री काढायची. द्राविडी प्राणायाम खरा, पण चालायचा. मात्र आवाजाच्या दृष्टीनं यापेक्षा वाईट वाट शोधून सापडली नसती. गाण्याला धक्का न लावता ते बाहेर काढणंही शक्य होतं, पण ती वाट अमेरिकेच्या कायद्यानं बंद केलेली होती. गाणं बिघडवलंत तर चालेल, जसंच्या तसं नेलंत तर गुन्हा, असा हा न्याय. तो कसा जन्माला आला हे पाहायचं तर जर्मनीतल्या टेलिफोनच्या तारांपर्यंत मागे जावं लागतं.

त्याआधी सीडीचा आकडा. फिलिप्स आणि सोनीनं १९८२ साली बाजारात आणलेल्या सीडीत एका सेकंदाच्या आवाजाचे ४४,१०० नमुने असतात. हा विचित्र आकडा व्हिडिओ टेपमधून आला. तेव्हा डिजिटल आवाज साठवायला सोयीचं साधन म्हणजे व्हिडिओ रेकॉर्डर. चित्राच्या एका ओळीत तीन नमुने, एका फील्डमध्ये वापरता येण्याजोग्या २४५ ओळी आणि सेकंदाला ६० फील्ड, यांचा गुणाकार ४४,१००. युरोपातल्या पद्धतीत २९४ ओळी आणि ५० फील्ड धरले तरी उत्तर तेच येतं. दोन्ही खंडांना जमणारा म्हणून तो टिकला. प्रत्येक नमुना १६ बिटचा आणि डावा-उजवा असे दोन भाग, म्हणजे सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट. हा भार १९८०च्या दशकातल्या कुठल्याच घरगुती तारेला पेलणारा नव्हता.

एर्लांगनच्या विद्यापीठातले प्राध्यापक डीटर झाइट्झर यांना नेमकं तेच हवं होतं, टेलिफोनच्या तारेवरून संगीत पाठवायचं. नव्या डिजिटल टेलिफोन जोडणीच्या दोन वाहिन्या मिळून १२८ किलोबिट देत. म्हणजे सीडीच्या अकरा भागांतले दहा टाकून द्यायचे आणि तरी ऐकणाऱ्याला कळू द्यायचं नाही. त्यांचा विद्यार्थी कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग या कामाला लागला. पुढे फ्राउनहोफर संस्थेतली मंडळी, अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये याच दिशेनं काम करणारे जेम्स जॉन्स्टन आणि इतर अनेकांच्या खटपटीतून एमपेग समितीचं मानक तयार झालं. सुझॅन व्हेगाचं ‘टॉम्स डायनर’ हे वाद्याविना गायलेलं गाणं ब्रांडेनबुर्ग यांनी कसोटीला घेतलं आणि सुरुवातीला त्यात तिचा आवाज भयंकर वाजत होता. साथीला वाद्यं असती तर दोष त्यांच्या आड लपले असते. नुसत्या गळ्यात लपायला जागा नसते. फाइलीच्या शेपटीला ‘एमपी३’ हे नाव फ्राउनहोफरमध्ये ठरलं ते १४ जुलै १९९५ रोजी, आपसात मतं घेऊन.

कानाला जे ऐकू येणार नाही ते टाकायचं, हे या तंत्राचं मर्म. मोठा स्वर वाजत असताना त्याच्या शेजारचा बारीक स्वर झाकला जातो, आणि तबल्यावर थाप पडल्यावर लगेच मागून येणारा हलका आवाज कान टिपत नाही. एन्कोडर आवाजाचे छोटे तुकडे करतो, प्रत्येक तुकड्यात कुठल्या पट्टीखाली किती खोट खपेल याचा हिशेब मांडतो आणि तेवढी खोट मुद्दाम येऊ देतो. एमपीथ्री म्हणजे कानाच्या उंबरठ्याखाली नीट बेतून बसवलेला बिघाड. हे ऐकायला निंदा वाटेल, पण माझ्या मते विसाव्या शतकातल्या सर्वांत हुशार कारागिरींपैकी ही एक आहे.

हा हिशेब एकदाच चोख बसतो. त्या फाइलीवरून दुसऱ्या फॉरमॅटची फाइल करायची तर आधी ती उलगडून पूर्ण लहर करावी लागते. नव्या एन्कोडरला समोरच्या लहरीतला गायकाचा आवाज कुठला आणि आधीच्या एन्कोडरनं सोडलेली खोट कुठली हे ओळखता येत नाही. तो दोन्ही सारख्याच इमानानं जपायला जातो, बिट खोटीवरही खर्च करतो आणि वर स्वतःची नवी खोट घालतो. उंबरठ्याखाली मावणारी पहिली खोट आणि तशीच दुसरी, दोन्ही एकत्र आल्या की उंबरठ्यावर डोकं काढतात. त्यात तुकड्यांची मापंही जुळत नाहीत. एमपीथ्री ५७६ नमुन्यांच्या पट्टीनं मोजते, तिच्या पुढच्या पिढीचं एएसी १,०२४च्या. बिघाड पहिला ऐकू येतो तो झांजेच्या वरच्या झणत्कारात, टाळ्यांच्या कडकडाटात आणि अचानक पडणाऱ्या थापेच्या किंचित आधी. हो, आधी. खोट पूर्ण तुकडाभर पसरते, त्यामुळे थाप पडण्यापूर्वीच तिची पुसट चाहूल लागते. शिवाय दर एन्कोडिंगला आरंभी काही नमुन्यांची शांतता चिकटते, ती वेगळीच. तिची नोंद नीट वाचली गेली नाही तर सलग मैफलीत दोन ट्रॅकच्या सांध्यावर उचकी लागते.

आता दुकानाकडे. १९९८ साली डायमंड कंपनीचा रिओ हा खिशातला एमपीथ्री प्लेअर आला आणि अमेरिकी रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेनं कोर्ट गाठलं. जून १९९९मध्ये अपील न्यायालयानं कंपनीच्या बाजूनं निकाल दिला. स्वतःजवळचं संगीत स्वतःच्याच वापरासाठी एका साधनावरून दुसऱ्यावर नेणं यात न्यायालयाला काही वावगं दिसलं नाही. पण दरम्यान, ऑक्टोबर १९९८मध्ये, अमेरिकेत दुसराच कायदा झाला होता. त्यानं नकलेकडे न बघता कुलपाकडे बघितलं. फाइलीला डिजिटल कुलूप असेल तर ते फोडणं मना, मग आतला माल तुमच्याच पैशांचा का असेना. या दोन गोष्टींच्या मधल्या फटीत पुढची दहा वर्षं विकतचं गाणं अडकलं.

आयट्यून्सचं दुकान २८ एप्रिल २००३ रोजी उघडलं. दोन लाख गाणी, प्रत्येकी ९९ सेंट, आणि पहिल्या आठवड्यात दहा लाखांची विक्री. गाणं मिळे ते एएसीमध्ये, सेकंदाला १२८ किलोबिटच्या मापानं आणि फेअरप्ले नावाच्या कुलपात. ते तीन संगणकांवर वाजे, आयपॉडवर हवं तितकं वाजे. एमपीथ्रीमध्ये कन्व्हर्ट करायला गेलं की आयट्यून्स साफ नकार देई. रेकॉर्ड कंपन्यांनी मान्य केलेली एकच खिडकी म्हणजे सीडी, आणि तीही एकच यादी दहादा लिहिण्यापुरती. बरोबर वर्षानं आलेल्या ४.५ या आवृत्तीत संगणक तिनाचे पाच झाले आणि सीडी दहाच्या सात. याच आवृत्तीनं विंडोज वापरणाऱ्यांना आणखी एक सोय दिली: त्यांच्याकडच्या मायक्रोसॉफ्टच्या फॉरमॅटमधल्या बिनकुलपी फाइली आयट्यून्स आपणहून एएसीमध्ये बदलून घेई. आत येणाऱ्याला सगळी मदत, बाहेर जाणाऱ्याला सीडीचा वळसा.

त्या वळशात काय होई ते वर आलंच. १२८ किलोबिटचं एएसी उलगडून सीडीवर जाई. तिथं ते १,४११ किलोबिटची ऐटदार जागा अडवून बसे, पण आत माल तेवढाच. मग तिच्यावरून एमपीथ्री, म्हणजे दुसऱ्यांदा काटछाट.

नोव्हेंबर २००३मध्ये नॉर्वेच्या योन लेक योहानसेननं हा वळसा मोडला. डीव्हीडीचं कुलूप उघडल्याबद्दल त्याच्यावर मायदेशात खटला चालला होता आणि त्यात तो सुटला होता. त्याचा छोटा प्रोग्राम कुलूप फोडत बसला नाही. गाणं वाजवण्यासाठी ॲपलच्या क्विकटाइम या प्लेअरला ते कधी तरी उघडावंच लागतं. त्या क्षणी मेमरीत आलेलं मोकळं एएसी त्यानं उचललं. पुन्हा एन्कोडिंग नाही, म्हणून नवी खोटही नाही. २००४च्या एप्रिलमध्ये प्लेफेअर नावाचा जास्त सुटसुटीत प्रोग्राम आला. तो सोर्सफोर्ज या अमेरिकी साइटवर होता. ॲपलच्या वकिलांचं पत्र आलं आणि तो तिथून उतरला. मग तो गेला थेट आपल्याकडे, तिरुवनंतपुरममधल्या सरोवर या मुक्त सॉफ्टवेअर ठेवण्याच्या ठिकाणी. पत्र तिथंही पोचलं आणि तिथूनही तो उतरला. यानंतरचा त्याचा अवतार म्हणजे हिम. त्याबद्दलची एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. कुलूप काढल्यावरही फाइलीतली विकत घेणाऱ्याची ओळख हिम तशीच राहू देई. गाणं चोरांना वाटायचा बेत असता तर ही खूण कुणी ठेवली असती?

मायक्रोसॉफ्टच्या गोटात वेगळीच तऱ्हा. प्लेज-फॉर-शुअर, म्हणजे नक्की वाजेल अशी ग्वाही देणारा शिक्का २००४मध्ये अनेक कंपन्यांच्या प्लेअरवर लागला. २००६मध्ये मायक्रोसॉफ्टनं स्वतःचा झून प्लेअर काढला आणि त्यावर हीच शिक्क्याची गाणी वाजेनात. त्यांचं एमएसएन म्युझिक हे दुकान त्याच सुमारास मिटलं, आणि एप्रिल २००८मध्ये गिऱ्हाइकांना कळलं की कुलपांची परवानगी देणारे सर्व्हर त्या ऑगस्टअखेर बंद होणार. त्यानंतर नव्या संगणकावर ते गाणं उघडणार नव्हतं. ओरडा झाल्यावर मुदत वाढली. दुकान बुडालं तर गिऱ्हाइकानं आधीच नेलेला माल मुका होतो, हा प्रकार व्यापारात नवाच होता.

६ फेब्रुवारी २००७ रोजी ॲपलच्या स्टीव्ह जॉब्ज यांनी जाहीर पत्र लिहिलं: कुलपं रेकॉर्ड कंपन्यांच्या हट्टापायी आहेत, त्यांनी सोडली तर आम्ही आनंदानं सोडू. त्यातला हिशेब असा की एका आयपॉडमागे सरासरी २२ गाणीच दुकानातून घेतलेली असतात, बाकीचं संगीत आधीपासूनच बिनकुलपी असतं. पत्रामागे युरोपातल्या ग्राहक यंत्रणांचा, त्यातही नॉर्वेचा, रेटा होता हे विसरून चालणार नाही. ईएमआय कंपनी आधी वळली. मेअखेर तिची गाणी बिनकुलपी आणि २५६ किलोबिटनं मिळू लागली, दर १ डॉलर २९ सेंट. जानेवारी २००९मध्ये आयट्यून्सनं सगळ्या दुकानाचंच कुलूप काढत असल्याचं जाहीर केलं. जुनी गाणी मोकळी करून घ्यायला गाण्यामागे ३० सेंट पडत. आपल्याच तिजोरीची किल्ली पैसे मोजून घ्यायची, असा तो मामला होता, पण एका अर्थी तो स्वस्त होता. हातात पडे ती मूळ प्रतीवरून केलेली नवी फाइल. घरच्या कुठल्याही कन्व्हर्टरला हे शक्य नव्हतं.

या कुळकथेची दुसरी शाखा दुकानांपासून दूर वाढली. मैफल टेप करायला परवानगी देणारे ग्रेटफुल डेडसारखे अमेरिकी बँड होते, आणि त्यांच्या टेपा चाहते आपसात फिरवत. नकलेची नक्कल करताना आवाज मरतो हे त्यांनी कॅसेटवर सोसलं होतं. म्हणून १९९८च्या सुमारास इंटरनेटवर आल्यावर त्यांनी एमपीथ्रीला मज्जाव केला आणि केंब्रिजच्या टोनी रॉबिन्सन यांचं शॉर्टन वापरलं. त्यात काही टाकून देत नाहीत. मागच्या नमुन्यांवरून पुढचा ओळखायचा आणि फक्त चूक लिहून ठेवायची. याच घराण्यातलं जॉश कोलसन यांचं फ्लॅक २००१मध्ये पूर्णत्वाला आलं. फ्लॅकच्या फाइलीत मूळ आवाजाची एक गणिती बेरीज लिहिलेली असते. फ्लॅकचं ॲपलच्या एएलएसीमध्ये रूपांतर करा, पुन्हा फ्लॅक करा, बेरीज तीच. २००८मध्ये निघालेल्या बँडकँपनं यावरच दुकान मांडलं. गायकानं काटछाट न केलेली प्रत चढवायची, आणि एमपीथ्री हवी की फ्लॅक की एएसी हे गिऱ्हाइकानं सांगायचं. रूपांतर दुकानात, मूळ प्रतीवरून, एकदाच.

आपल्याकडे या सगळ्या लढाईचा आवाज फारसा आला नाही. यादी घेऊन जायचं आणि कोऱ्या कॅसेटमध्ये गाणी भरून घ्यायची, पुढे मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्डात भरून घ्यायची, ही आपली रीत. पैसे भरण्याचे असत, गाण्याचे नसत. फ्लिपकार्टचं फ्लाइट हे बिनकुलपी एमपीथ्रीचं दुकान २०१२मध्ये उघडलं आणि २०१३मध्ये बंद झालं. घेतलेल्या फाइली मात्र वाजत राहिल्या, एमएसएनसारखं झालं नाही. कुलपाचा कायदाही आपल्याकडे २०१२मध्येच आला, कॉपीराइट कायद्याचं कलम ६५-अ. हक्कभंगाच्या हेतूनं कुलूप फोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. हा हेतूचा शब्द अमेरिकेच्या कायद्यात नाही. आपल्या कलमात तो आहे, हे मला शहाणपणाचं वाटतं.

आज तक्रार उलट्या बाजूची आहे. कुणी तरी जुन्या एमपीथ्रीवरून फ्लॅक बनवतो आणि उंची माल म्हणून खपवतो. अशी फाइल संगणकावर कंपनांच्या आलेखात उघडली की बहुधा १६ किलोहर्ट्झपाशी सगळं एका सरळ रेघेत तुटलेलं दिसतं. १२८ किलोबिटच्या एमपीथ्रीची ही खूण. बालगंधर्वांच्या ७८च्या तबकड्यांवरून काढलेल्या फाइलीत मात्र ही परीक्षा लंगडी पडते. एवढ्या उंचीवर त्या तबकड्यांत गाणं मुळातच नाही, दिसते ती सुईची खरखर. ती तुटलेली असली तर एमपीथ्रीनं तोडली की तबकडीची सीडी करताना खरखर साफ करणाऱ्यानं, हे आलेखावरून ठरवता येत नाही.