परदेशातील दुर्घटना : दूतावासाचे साहाय्य आणि त्याच्या मर्यादा

पोखराहून काठमांडूकडे निघालेली भारतीय यात्रेकरूंची बस २३ ऑगस्ट २०२४ रोजी नेपाळच्या तनहुँ जिल्ह्यात मर्स्यांग्दी नदीच्या पात्रात कोसळली. बसची नोंदणी उत्तर प्रदेशातील होती. प्रवासी मात्र बहुतांश जळगाव जिल्ह्यातील, भुसावळ व वरणगाव परिसरातील होते. किमान २७ जण मृत्युमुखी पडले. जखमींना काठमांडूच्या रुग्णालयात हलविण्यात आले. रावेरच्या खासदार आणि केंद्रीय राज्यमंत्री रक्षा खडसे नेपाळला गेल्या आणि दुसऱ्याच दिवशी हवाई दलाच्या विमानाने भरतपूरहून मृतदेह महाराष्ट्रात आणण्यात आले.

या दुर्घटनेची झळ एका जिल्ह्यापुरती राहणारी नव्हती. खानदेशातील असंख्य कुटुंबे रोजगारासाठी सूरतला स्थायिक झाली आहेत. गोडादरा, लिंबायत, उधना, डिंडोली या वस्त्यांत मराठी व अहिराणी घराघरांत बोलली जाते आणि सूरत–भुसावळ लोहमार्ग हा या घरांना गावाशी जोडणारा दुवा आहे. गावाकडचा आप्त परदेशात संकटात सापडला, तर गोडादऱ्यातील कुटुंबाने दाद कोठे मागायची, हा प्रश्न गोव्यातील दर्यावर्दी कुटुंबांनाही तितकाच लागू पडतो.

कायद्याचा आधार

दूतावासांच्या या कार्याला १९६३च्या व्हिएन्ना वाणिज्यदूतीय संबंध कराराचा आधार आहे. आपल्या नागरिकांना साहाय्य करणे हे त्यात वाणिज्य दूतावासाचे कर्तव्य मानले आहे. कलम ३६ अन्वये दूतावासाच्या अधिकाऱ्यांना आपल्या नागरिकांशी संपर्क साधता येतो आणि अटकेतील नागरिकांना भेटता येते. परकीय नागरिकाचा मृत्यू झाल्यास त्याची वार्ता संबंधित दूतावासाला विनाविलंब देण्याचे बंधन कलम ३७ने यजमान देशावर घातले आहे. तथापि बचावकार्य, शवविच्छेदन आणि पोलीस तपास यांवर अधिकार यजमान देशाचाच असतो. दूतावास पाठपुरावा करू शकतो, आदेश देऊ शकत नाही.

नेपाळच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानी घ्यावी लागते. १९५०च्या भारत–नेपाळ करारामुळे भारतीयांना तेथे व्हिसा लागत नाही. मतदार ओळखपत्रावरही प्रवास करता येतो. ही सोय यात्रेकरूंना उपकारक असली, तरी पारपत्र व व्हिसा यांमुळे आपोआप होणारी नोंद येथे अपुरी पडते. दुर्घटना घडल्यावर बसमध्ये कोण कोण होते, हे यात्रा आयोजकाच्या यादीवरून ठरते. त्या यादीची एक प्रत घरी ठेवणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

दूतावास काय करतो

पारपत्र हरवले किंवा नष्ट झाले, तर दूतावास मायदेशी परतण्यापुरते आणीबाणी प्रमाणपत्र देतो. त्यासाठी स्थानिक पोलिसांकडील तक्रारीची प्रत, छायाचित्रे व नागरिकत्वाचा पुरावा लागतो. पारपत्राचे छायाचित्र घरच्यांच्या भ्रमणध्वनीत असल्यास ओळख पटविण्याचे काम सुकर होते.

जखमींच्या बाबतीत दूतावास रुग्णालयाशी संपर्क ठेवतो, कुटुंबाला माहिती देतो आणि दुभाषी मिळवून देऊ शकतो. उपचारांचा खर्च मात्र सामान्यतः रुग्णाचा, त्याच्या विमा कंपनीचा किंवा मालकाचा असतो. निराधार अवस्थेतील भारतीयांसाठी २००९ मध्ये भारतीय समुदाय कल्याण निधी स्थापन झाला. वाणिज्यदूतीय सेवांवरील अल्प शुल्कातून तो उभा राहतो. निवास, तातडीचे उपचार, विमानभाडे, कायदेशीर साहाय्य आणि पार्थिव मायदेशी आणणे यांसाठी त्यातून खर्च करता येतो. परंतु आर्थिक स्थिती पाहून, अत्यंत गरजू प्रकरणांतच. तो सरसकट मिळणारा हक्क नव्हे.

मृत्यू झाल्यास कागदपत्रांची साखळी पूर्ण करावी लागते : स्थानिक मृत्यू दाखला, पोलीस अहवाल, आवश्यक तेथे शवविच्छेदन अहवाल, शवलेपनाचे प्रमाणपत्र, निकटच्या नातलगांचे संमतिपत्र आणि दूतावासाचे ना हरकत पत्र. मृताचे पारपत्र दूतावास रद्द करतो. भारतात विमानतळावरील आरोग्य अधिकाऱ्यांची परवानगी लागते. या परवानगीसाठी ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ‘ई-केअर’ ही ऑनलाइन व्यवस्था सुरू केली. अंत्यसंस्कार परदेशातच करण्याचा पर्यायही कुटुंबाला असतो. मृत्यूची दूतावासात नोंद करून घेणे हिताचे, कारण पुढे वारसा, विमा आणि बँकेच्या व्यवहारांत तीच उपयोगी पडते.

मर्स्यांग्दी दुर्घटनेत ही साखळी एका दिवसात पूर्ण झाली. त्यामागे दोन्ही शासनांनी केलेली घाई आणि हवाई दलाचे विमान होते. एकट्यादुकट्याच्या मृत्यूत एवढी यंत्रणा हलत नाही. अशा वेळी काही दिवस, प्रसंगी काही आठवडे जातात, हे कुटुंबाने गृहीत धरलेले बरे.

दर्यावर्दींचा प्रश्न

१३ जानेवारी २०१२ रोजी इटलीतील जिल्यो बेटाजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे प्रवासी जहाज खडकावर आदळले. जहाजावर ४,२०० हून अधिक लोक होते, त्यांपैकी ३२ जण दगावले. कर्मचाऱ्यांत सुमारे २०० भारतीय होते. अनेकांची पारपत्रे व सामान जहाजातच राहिल्याने परतीच्या कागदपत्रांसाठी रोममधील भारतीय दूतावासाला धावून यावे लागले. बेपत्ता झालेल्या एका भारतीय कर्मचाऱ्याचे अवशेष तब्बल पावणेतीन वर्षांनी, नोव्हेंबर २०१४ मध्ये हाती आले. मृतदेह मिळत नाही तोवर कुटुंबाची अडचण कायद्यातही शिल्लक राहते. सात वर्षे ज्याची खबर नाही, त्याला मृत मानण्याची तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमात आहे. तत्पूर्वी मृत्यू सिद्ध करावा लागतो.

जहाजावरील कर्मचाऱ्यांसाठी सागरी श्रम करार, २००६ महत्त्वाचा आहे. भारताने त्याला २०१५ मध्ये मान्यता दिली. त्यानुसार खलाशाला मायदेशी पाठविण्याची जबाबदारी प्रथम जहाजमालकाची असते. म्हणून दूतावासाबरोबरच भरती करणारी परवानाधारक संस्था व मुंबईतील नौवहन महासंचालनालय यांनाही लेखी कळवावे.

पोर्तुगीज पारपत्र असल्यास

गोव्यातील अनेक कुटुंबांत एकाच घरी दोन देशांची पारपत्रे आढळतात. स्वेच्छेने परकीय नागरिकत्व स्वीकारणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व १९५५च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ अन्वये संपुष्टात येते. परदेशस्थ भारतीय नागरिक, म्हणजेच ओसीआय, हे कार्ड असले तरी ती व्यक्ती भारताची नागरिक ठरत नाही. परदेशात संकट ओढवल्यास तिने पोर्तुगालच्या दूतावासाकडे जावे. जेथे पोर्तुगालचा दूतावास नाही, तेथे युरोपीय संघाच्या अन्य सदस्य देशाच्या दूतावासाकडे, त्या देशाच्या नागरिकांप्रमाणेच, साहाय्य मागता येते. एकाच अपघातात सापडलेल्या दोन भावांना दोन वेगळ्या दूतावासांची दारे ठोठवावी लागू शकतात. ही बाब घरातील सर्वांना आधीच ठाऊक असावी.

कुटुंबाने करावयाच्या गोष्टी

सर्वप्रथम त्या देशातील भारतीय दूतावासाच्या आपत्कालीन क्रमांकावर संपर्क साधावा. तो दूतावासाच्या संकेतस्थळावर असतो. नाव, जन्मतारीख, पारपत्र वा ओळखपत्राचा क्रमांक, आयोजकाचे नाव आणि शेवटचे बोलणे कधी झाले, ही माहिती एकाच व्यक्तीने द्यावी. चौघांनी चार वेळा निरनिराळी माहिती दिल्यास गोंधळ वाढतो. त्यानंतर परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवावा. २०१५ पासून सुरू असलेल्या या पोर्टलवर प्रकरणाची प्रगती पाहता येते. सोबत जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आपत्ती नियंत्रण कक्षाला १०७७ या क्रमांकावर कळवावे. गोव्यातील कुटुंबांसाठी अनिवासी भारतीय व्यवहार आयुक्तांचे कार्यालयही आहे.

प्रवासी राहतो एका राज्यात, आप्त असतात दुसऱ्या राज्यात आणि बस तिसऱ्याच राज्यातील असते, हे मर्स्यांग्दीच्या काठी दिसून आले. अशा वेळी कोणते राज्य धावून येईल, याची वाट पाहत बसू नये. दूतावासाकडे जाण्यासाठी नागरिकाला राज्याची शिफारस लागत नाही. गोडादऱ्यातून असो वा मडगावातून, पहिला दूरध्वनी थेट दूतावासालाच करावा.